दाहाच्या वाटेवरील गंधकयुक्त शर्करा



बोटांत कुसळ शिरलें म्हणजे पुढें काय होतें हें सांगावयास वैद्य लागत नाहीं. ती जागा लाल होते, सुजते, हाताला ऊन लागते आणि ठणकूं लागते. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत दाहाचीं हींच चार लक्षणें लिहून ठेविलीं, आणि आपल्याकडील वैद्यकांतहि शोथ हा शब्द फार जुना आहे. लक्षणें इतकीं जुनीं. परंतु त्यांच्या मुळाशीं शरीराचा कोणता व्यापार चालतो हें कळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें, आणि त्या व्यापाराचा अगदीं बारीक धागा तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतच हातीं लागला. त्या धाग्याचें एक टोंक आपल्या मुंबईंत आहे. तेव्हां आजचा विषय थोडा अवघड असला तरी तो आपल्याला परका नाहीं.

१८६७ सालीं कोनहाइम नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या आंतड्याजवळील पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं पसरला आणि त्याला दाह उत्पन्न होत असतांना तो तासन् तास पाहत बसला. त्यानें जें पाहिलें तें असें. बारीक रक्तवाहिन्यांतून तांबड्या पेशी मधून वेगानें धांवत असतात. पांढऱ्या पेशी मात्र कांहीं वेळानें कडेला येतात, भिंतीला लागून गडगडत जातात, पुढें एके ठिकाणीं थांबतात आणि अखेर भिंतीच्या फटींतून बाहेर पडून दुखऱ्या जागीं पोंचतात. आपण ज्याला पू म्हणतों तो मुख्यतः अशाच बाहेर आलेल्या पांढऱ्या पेशींचा समुदाय होय.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, वाहत्या रक्तांतली पेशी थांबते कशी? आमच्या भिवंडी रोडच्या फलाटावर एखादा उतावळा मनुष्य चालत्या गाडींतून उतरतो (उतरूं नये, हें मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों), तेव्हां तो एकदम उभा राहूं शकत नाहीं. गाडीच्या दिशेनें चार-सहा पावलें धांवतो, वेग कमी करतो आणि मग थांबतो. पांढरी पेशीहि तसेंच करते. तिचें तें भिंतीलगत गडगडत जाणें म्हणजे हीं चार-सहा पावलें होत. परंतु हवेंतून फलाटावर येणाऱ्या मनुष्याला पायाखालीं जमीन मिळते. पेशीला भिंतीवर काय मिळतें?

याचें उत्तर भाद्रपदांत रानांतून फिरून आलेल्या कोणालाहि समजेल. आघाड्याचें बीं धोतराला किंवा लुगड्याच्या कांठाला चिकटतें तें गोंदानें चिकटत नाहीं. बियांच्या टोंकाला कांटे असतात व ते कापडाच्या तंतूंत अडकतात. एक बीं सहज सुटतें. पुष्कळ बिया लागल्या म्हणजे मात्र कापड ओढावें लागतें. रक्तवाहिनीच्या आंतल्या अंगाला दाहाच्या वेळीं असेच कांटे उगवतात. हे कांटे प्रथिनांचे असतात आणि त्यांना सिलेक्टिन असें नांव आहे. पांढऱ्या पेशीच्या अंगावर ज्या तंतूंत ते अडकतात ते तंतू साखरेचे असतात. साखर म्हणतांच चहांतली साखर डोळ्यांपुढें आणूं नये. शरीरांत निरनिराळ्या शर्करांचे लहान लहान दुवे एकापुढें एक जोडून त्यांच्या सांखळ्या बनतात, आणि जवळजवळ प्रत्येक पेशी अशा सांखळ्यांची लव अंगावर वागवीत असते. पेशीच्या पृष्ठभागावर राहून ठराविक रेणूलाच धरणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. सिलेक्टिन हे या लवेंतील एका विशिष्ट शर्कराबंधाचे ग्राही आहेत.

त्यांचे प्रकार तीन. एक रक्तवाहिनीच्या भिंतीच्या पेशींत आणि रक्तांतील बिंबिकांत आधींच तयार करून सांठविलेला असतो. इजा होतांच तो कांहीं मिनिटांत पृष्ठभागावर येतो. त्याला पी-सिलेक्टिन म्हणतात. दुसरा, म्हणजे ई-सिलेक्टिन, हुकूम मिळाल्यावर नव्यानें बनवावा लागतो, म्हणून त्याला कांहीं तास लागतात. तिसरा एल-सिलेक्टिन पांढऱ्या पेशींच्याच अंगावर असतो. १९९१ सालीं लॉरेन्स व स्प्रिंगर या दोघां संशोधकांनीं कांचेच्या पट्टीवर केवळ सिलेक्टिनचा थर बसवून तिच्यावरून पांढऱ्या पेशींचा प्रवाह सोडला, तेव्हां कोनहाइमनें बेडकांत पाहिलेलें तें गडगडणें कांचेवर जसेंच्या तसें दिसलें. पेशीला पूर्ण थांबविण्याचें काम पुढें निराळीं प्रथिनें करतात. त्यांची कथा आज सांगत नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं.

१९५२ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत मुंबईचे डॉक्टर भेंडे, देशपांडे व भाटिया आणि लंडनमधील त्यांचे सहकारी यांचें एक टिपण प्रसिद्ध झालें. मुंबईंत अशीं कांहीं माणसें आढळलीं होतीं कीं त्यांचें रक्त पाहतां ‘ओ’ गटाचें वाटे, परंतु ‘ओ’ गटाचें रक्त त्यांना चालत नसे. आपण समजतों कीं ‘ओ’ म्हणजे कांहीं नसणें. पण ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवरहि एच नांवाची एक शर्करारचना असते. त्या रचनेचा शेवटचा दुवा म्हणजे फ्यूकोज नांवाची साखर. या माणसांत तोच दुवा नव्हता. त्यामुळें त्यांचें रक्त ‘ओ’ गटालासुद्धां परकें मानून त्याच्याशीं लढत असे. जगभर हा गट आज ‘बॉम्बे’ याच नांवानें ओळखला जातो. शहराचें नांव बदललें, रक्तगटाचें राहिलें. मुंबई भागांत साधारण दहा हजारांत एक मनुष्य या गटाचा सांपडतो. त्याला फक्त त्याच्याच गटाचें रक्त चालतें, म्हणून अशा दात्यांच्या याद्या जपून ठेवाव्या लागतात.

चाळीस वर्षें या गोष्टीचा दाहाशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. मग १९९२ सालीं इस्रायलमधून दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांना वारंवार फुप्फुसांचे व कातडीचे विकार होत; रक्तांत पांढऱ्या पेशी तर भरमसाट; परंतु जखमेंत पू म्हणून धरत नसे. फौज रस्त्यावर हजर, पण वेशींतून आंत शिरत नाहीं, असा प्रकार. तपासणींत दिसून आलें कीं या मुलांचा रक्तगट बॉम्बे आहे! त्यांच्या पांढऱ्या पेशींवर सिलेक्टिन ज्या शर्कराबंधाला धरतें तो बंधच नव्हता, कारण त्या बंधांतहि फ्यूकोज लागतें.

येथें श्रोत्यांपैकीं कोणी सहज विचारील, तर मग मुंबईच्या बॉम्बे गटाच्या माणसांना असा त्रास कां होत नाहीं? तीं तर धडधाकट असतात. याचा उलगडा आमच्या यंत्रमागांच्या गांवांत करणें सोपें आहे. एका मागावरचा विणकर कामावर आला नाहीं, तर तेवढ्या मागाचें कापड निघत नाहीं. शेजारचे माग चालूच राहतात. परंतु सुताच्या गाड्याच गांवांत आल्या नाहींत, तर सारे माग बंद पडतात. तांबड्या पेशींवर फ्यूकोज बसविणारें पाचकद्रव्य निराळें आणि पांढऱ्या पेशींवर बसविणारें निराळें. मुंबईच्या माणसांत पहिला विणकर तेवढा गैरहजर असतो. इस्रायलच्या मुलांत फ्यूकोज पेशीच्या कारखान्यांत आंत नेणारा वाहकच बिघडलेला होता. २००१ सालीं तो दोष निश्चितपणें ओळखला गेला. त्याच्या दोन वर्षें आधीं जर्मनींत याच आजाराच्या एका बालकाला तोंडावाटे फ्यूकोज देऊन पाहिलें, तेव्हां त्याच्या पांढऱ्या पेशींवर तो बंध पुन्हां दिसूं लागला व संसर्ग आटोक्यांत आले. एक साखर कमी पडल्यानें बालक मरणाच्या दारांत जातें आणि तीच साखर पाजल्यानें परत येतें, ही गोष्ट मला तरी विलक्षण वाटते.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर गंधकाचें काम समजणें कठीण नाहीं.

गंधकाम्लाचा अंश, ज्याला रसायनशास्त्रांत सल्फेट म्हणतात, तो शर्करेच्या सांखळीला जोडला म्हणजे त्या जागीं ऋण विद्युद्भार येतो. सिलेक्टिनच्या कांट्याजवळ, साखर जेथें धरली जाते तेथेंच, धन विद्युद्भार असलेले कांहीं घटक आहेत. विरुद्ध भार परस्परांना ओढतात हें शालेय पुस्तकांतील सूत्र येथें जसेंच्या तसें लागू पडतें. निसर्गानेंहि याचा उपयोग केला आहे. पांढऱ्या पेशीवरील ज्या प्रथिनाला पी-सिलेक्टिन धरतें, त्याच्यावर शर्कराबंधाशेजारींच सल्फेट लाविलेलें असतें. तें काढून टाकलें तर पकड ढिली पडते.

मग समजा, गंधकयुक्त शर्करेच्या मोकळ्या सांखळ्या बाहेरून रक्तांत सोडल्या, तर काय होईल? कापडावर फिरण्यापूर्वींच आघाड्याच्या बीजाभोंवतीं कापसाचें तूस गुंडाळून बसलें, तर तें बीं मग कापडाला लागणार कसें? मागाच्या शेडमध्यें ज्यांनीं उडणारें तूस पाहिलें आहे, त्यांना ही उपमा पटेल. या मोकळ्या सांखळ्या सिलेक्टिनचे कांटे व्यापून बसतात, पांढऱ्या पेशीला पकड मिळत नाहीं, आणि ती प्रवाहाबरोबर निघून जाते. ग्राही अडविणें म्हणजे हेंच.

ही कल्पना प्रयोगानें प्रथम पुढें आली ती सिलेक्टिनचीं नांवें ठरण्यापूर्वीं. १९८३ सालीं अमेरिकेंतील स्टूलमन व रोझेन यांनीं लसग्रंथींचे पातळ काप घेऊन त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडल्या. त्या पेशी ठराविक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटत. पाण्यांत निरनिराळ्या शर्करा मिसळून पाहतां, फ्यूकॉइडिन नांवाच्या पदार्थानें हें चिकटणें थांबलें. हा पदार्थ तपकिरी समुद्रशैवालांत असतो. स्वीडनच्या किलिन यांनीं तो १९१३ सालींच वेगळा काढला होता. त्याच्या सांखळींत फ्यूकोज आहे आणि सल्फेटहि आहे. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं सारगॅसम जातीचें जें तपकिरी शैवाल दिसतें, तें याच कुळांतलें. हें ऐकून कोणी शैवालाच्या गोळ्या विकत घेण्यास धांवूं नये. एवढे लांब रेणू पोटांतून रक्तांत फारच थोडे जातात, आणि प्रयोगशाळेंतल्या कांचेवर जें घडतें तें डब्यावरच्या जाहिरातींत घडतेंच असें नाहीं.

समुद्रापर्यंत न जातांहि प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत एक गंधकयुक्त शर्करा असतेच. तिचें नांव हेपॅरिन. १९१६ सालीं बाल्टिमोर येथें मॅक्लीन नांवाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला, रक्त गोठविणारा पदार्थ शोधीत असतांना, उलट रक्त गोठूं न देणारा पदार्थ सांपडला. त्याच्या गुरूंनीं, म्हणजे हॉवेल यांनीं, पुढें अशाच द्रव्याला यकृताच्या ग्रीक नांवावरून हेपॅरिन म्हटलें. आज तें मुख्यतः डुकराच्या आंतड्यांच्या अस्तरापासून काढतात आणि टोंचूनच द्यावें लागतें. त्याच्यावर सल्फेटांची इतकी दाटी असते कीं एवढा ऋणभारित पदार्थ जीवसृष्टींत क्वचितच सांपडेल. रक्त पातळ ठेवण्याचें त्याचें काम निराळ्या प्रथिनाच्या द्वारें चालतें. परंतु १९९३ सालीं हेपॅरिनचे तुकडे एल व पी या दोन्ही सिलेक्टिनांना धरतात व प्राण्यांतील तीव्र दाह कमी करतात असें दिसून आलें. पुढें १९९८ सालीं, वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले आणि अमेरिकेंत काम करणारे डॉ. अजित वार्की यांच्या गटानें मोजून दाखविलें कीं, रक्त पातळ करण्यास जितकें हेपॅरिन लागतें त्याच्या कित्येक पटींनीं कमी प्रमाणांतच तें एल आणि पी सिलेक्टिनांना अडवितें. ई-सिलेक्टिनवर मात्र त्याचा असर नाहीं. लांब सांखळ्या आंखूड सांखळ्यांपेक्षां अधिक चांगल्या अडवितात, हेंहि त्यांनीं दाखविलें.

यावरून सल्फेट म्हणजे दाहावरचा रामबाण असा समज होऊं नये. तांबड्या शैवालांतून निघणारें कॅराजीनन हेंहि गंधकयुक्त शर्कराच. आइस्क्रीम दाट करावयास तें वापरतात. परंतु तें उंदराच्या पंजांत टोंचलें तर पंजा सुजतो, आणि १९६२ पासून सूज उतरविणाऱ्या औषधांची परीक्षा घेण्याकरितां प्रयोगशाळांत हीच सूज मुद्दाम आणतात. त्याहून गंभीर प्रकार २००८ सालीं उघडकीस आला. हेपॅरिनमध्यें कोणीतरी कॉन्ड्रॉयटिन नांवाच्या कूर्चेंतील स्वस्त शर्करेवर जादा सल्फेट चढवून तिची भेसळ केली होती. नेहमींच्या चांचण्यांना ती हेपॅरिनसारखीच दिसे. रुग्णांच्या शरीरांत मात्र तिनें दाहाची एक निराळीच सांखळी चेतविली, रक्तदाब कोसळले, आणि अमेरिकेंत अनेक माणसें दगावलीं. सल्फेट किती, याच्याइतकेंच तें सांखळीवर कोठें बसलें आहे यालाहि महत्त्व आहे. आणि भेसळ करणाऱ्याला त्याचें सोयरसुतक नसतें.

हें सारें ज्ञान कोणाच्या उपयोगीं पडावयाचें? आपल्या महाराष्ट्रांत त्याची वाट पाहणारी माणसें आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर या जिल्ह्यांत सिकल सेल हा आनुवंशिक विकार पुष्कळ आहे. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या व ताठ होतात. हा आजार केवळ आकाराचा आहे असें पूर्वीं मानीत. आतां असें दिसतें कीं रक्तवाहिनीच्या भिंतीवर पी-सिलेक्टिन उगवतें, त्याला पांढऱ्या पेशी व विळ्यासारख्या पेशी दोन्ही चिकटतात, आणि अरुंद वाट तुंबते. तुंबलेल्या जागेपुढें रक्त जात नाहीं व हाडांत असह्य वेदना उठतात. अशी वेदना आलेलें मूल अंग आंखडून दिवसच्या दिवस पडून राहतें, शाळा बुडते. घरांत एकाच पिढींत दोन-तीन मुलें अशीं असलीं म्हणजे आईबापांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें या विकाराच्या निर्मूलनाची मोहीम मध्य प्रदेशांतील शहडोल येथून सुरू केली; तपासणी व समुपदेशन हा तिचा मुख्य भाग आहे.

पी-सिलेक्टिन अडविलें तर ही वेदना टळेल, हा तर्क सरळ आहे. परंतु सरळ तर्क रुग्णशय्येपाशीं वांकडा होतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे. क्रिझॅनलिझुमॅब नांवाचें पी-सिलेक्टिनला बांधणारें प्रतिपिंड २०१७ सालच्या चांचणींत वेदनेच्या झटक्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणतांना दिसलें, आणि २०१९ सालीं अमेरिकेनें त्याला परवानगी दिली. त्यानंतरच्या मोठ्या चांचणींत तो फरक दिसला नाहीं, व २०२३ सालीं युरोपनें परवानगी काढून घेतली. हेपॅरिनमधील रक्त पातळ करण्याचा गुण बहुतेक काढून टाकून केवळ चिकटणें अडविण्याचा गुण ठेवलेलें सेव्हुपॅरिन नांवाचें औषध बनविलें गेलें. कल्पना उत्तम होती. पण २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत तें झटक्याच्या वेळीं दिल्यानें झटका लवकर ओसरला नाहीं. शर्कराबंधाची नक्कल करून बनविलेल्या रिव्हिपॅन्सेल या तिसऱ्या औषधाचीहि २०१९ सालीं तीच गत झाली.

मात्र या तिसऱ्या चांचणीचे आंकडे पुढें उलगडून पाहतां एक गोष्ट आढळली. वेदना सुरू झाल्यापासून साधारण पहिल्या दिवसाच्या आंत ज्यांना औषध मिळालें, त्यांना गुण आलेला होता. उशीरा आलेल्यांना नव्हता. आपल्या उपमेंत सांगावयाचें तर, बीं कापडांत रुतण्यापूर्वीं तूस गुंडाळलें तर उपयोग; एकदां रुतल्यावर तूस उडवून काय व्हावयाचें? हा मागाहून काढलेला निष्कर्ष आहे, त्याची स्वतंत्र परीक्षा व्हावयास पाहिजे. तो खरा ठरला तरी, भामरागडच्या आंतल्या पाड्यावरून पावसाळ्यांत नदी ओलांडून रुग्णालय गांठणाऱ्या मुलाला पहिला दिवस वाटेंतच सरतो.

म्हणून तूर्त ज्याच्यावर भरंवसा ठेवावयाचा तें औषध जुनें व साधें आहे. हायड्रॉक्सीयुरिया ही रोज घ्यावयाची गोळी; झटके कमी येतात हें १९९५ सालच्या चांचणींत सिद्ध झालें आहे. ती तांबड्या पेशींतील बालपणींचें रक्तद्रव्य वाढविते, हें तिचें मुख्य कार्य. पण त्याशिवाय ती पांढऱ्या पेशींची संख्याहि उतरविते, म्हणजे भिंतीला चिकटणारे गडीच कमी करते. ती घेणाऱ्याचें रक्त मधून मधून तपासावें लागतें, आणि ती तपासणी घराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत होऊं शकते.